उन्हाळ्यात ब्राइन श्रिम्प चाचणीत कंट्रोलमधलीच पिल्लं मरतात, तेव्हा काय तपासायचं

लक्षण ओळखीचं आहे. वनस्पतीचा अर्क किती विषारी आहे ते पाहायला ब्राइन श्रिम्पची (आर्टेमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या इवल्या कोळंबीसारख्या जीवाची) पिल्लं त्यात सोडली, चोवीस तासांनी पाहिलं, तर अर्काच्या कुप्यांमधली पिल्लं मेलेली आहेतच, पण नुसत्या खाऱ्या पाण्याच्या कुपीतही, म्हणजे कंट्रोलमध्येही, दहातली चार-पाच तळाला पडलेली. जानेवारीत हीच चाचणी नीट जमली होती. एप्रिल लागला की बिघडते, आणि प्रोजेक्ट जमा करायची तारीखही नेमकी तेव्हाच असते. तालुक्याच्या गावातल्या प्राणिशास्त्र आणि फार्मसीच्या प्रयोगशाळांमध्ये हे दर उन्हाळ्यात होतं, आणि दर उन्हाळ्यात दोष सिस्टच्या (पिल्लं ज्यातून फुटतात त्या सुक्या, अंड्यासारख्या गोळ्यांच्या) डब्यावर ढकलला जातो. डबा दोषी असतोही, पण बऱ्याचदा नसतो.

ॲबटचं सूत्र हा इलाज नाही

कंट्रोलमध्ये मरतूक दिसली की पहिला हात जातो तो १९२५ च्या ॲबटच्या सूत्राकडे: अर्कातली मरतूक वजा कंट्रोलची मरतूक, भागिले शंभर वजा कंट्रोलची मरतूक, गुणिले शंभर. अर्कात ६० टक्के आणि कंट्रोलमध्ये २० टक्के मेली, तर दुरुस्त आकडा ५० टक्के. गणित बरोबर आहे, पण त्यामागे एक गृहीतक आहे: कंट्रोलमध्ये जे मारतंय ते आणि अर्क, दोन्ही एकमेकांशी संबंध न ठेवता मारतात. उन्हाळ्यात हे गृहीतक टिकत नाही. ४० अंशांच्या पाण्यात अर्धमेलं झालेलं पिल्लू अर्काच्या एरवी निरुपद्रवी मात्रेलाही मरतं. मग निर्गुडी, टणटणी, करंज सगळेच ‘अतिशय विषारी’ निघतात आणि एलसी-५० चा (निम्मी पिल्लं मारणाऱ्या मात्रेचा) तोच आकडा पुन्हा कधी येत नाही.

मर्यादा १० टक्के ठेवा. गोड्या पाण्यातल्या डाफ्नियाच्या (पाणपिसवेच्या) तीव्र विषारीपणाच्या ओईसीडी २०२ या आंतरराष्ट्रीय प्रमाणित चाचणीतही कंट्रोलला हीच मर्यादा आहे. तीन कुप्यांत दहा-दहा म्हणजे ३० पिल्लं. त्यातली तीन मेली तर चालेल, चौथी मेली की ती फेरी बाद. सूत्र लावायचंच तर या मर्यादेच्या आत लावा.

कोणता कंट्रोल मेला, तिथून सुरुवात करा

कंट्रोल एक नाही, तीन हवेत, आणि प्रत्येकाच्या तीन कुप्या. पहिला, नुसतं खारं पाणी. दुसरा, खारं पाणी अधिक अर्क विरघळवायला वापरलेलं द्रावक, अर्काच्या कुपीत आहे तेवढंच. तिसरा, ज्ञात विष. बहुतेक ठिकाणी पोटॅशियम डायक्रोमेट वापरतात.

नुसत्या पाण्याची पिल्लं मेली तर गुन्हेगार पाणी, तापमान, हवा किंवा पिल्लांचं वय. पाण्याची जगली आणि द्रावकाची मेली तर दोष द्रावकाच्या, म्हणजे बहुधा डीएमएसओच्या (डायमिथाइल सल्फॉक्साइडच्या) मात्रेत, दुसरीकडे शोधू नका. दोन्ही जगली पण डायक्रोमेटची मरतूक आपल्या नेहमीच्या आकड्यापेक्षा फार कमी-जास्त आली, तर पिल्लांचं वय किंवा डायक्रोमेटचं वजन चुकलंय. डायक्रोमेटचा २४ तासांचा एलसी-५० साधारण दर लिटरला काही दशक मिलिग्रॅमांत येतो. पुस्तकातल्या आकड्याशी तंतोतंत जुळवण्यापेक्षा स्वतःच्या प्रयोगशाळेतला प्रत्येक फेरीचा आकडा एका वहीत लिहीत जा. पाच-सहा फेऱ्यांनंतर ती वहीच सांगते की आजची फेरी वेगळी पडली.

तिन्ही कंट्रोल न लावता फक्त अर्काच्या नऊ कुप्या लावणाऱ्यांसाठी पुढचं काहीही उपयोगाचं नाही.

तापमान: बाटलीतली जगतात, कुपीतली मरतात

पहिला संशय इथेच घ्या. आर्टेमियाची सिस्ट २५ ते २८ अंशांवर उत्तम फुटतात. ३३ च्या वर गेलं की पाणी प्यालेल्या सिस्टची आतली घडामोड थांबते. पाणी थंड झालं तर ती पुन्हा चालू होते. ४० ओलांडलं की ती मरतात, मग काही परत येत नाही. कोरडी सिस्ट मात्र ६० अंशही सोसतात, म्हणून ‘डबा तर उन्हात आला होता, तरी फुटला’ हे ऐकून फसू नका. कोरड्याची गोष्ट वेगळी, भिजलेल्याची वेगळी.

आता गंमत अशी, की एक लिटरच्या बाटलीत फुटलेली पिल्लं ठणठणीत दिसतात आणि तीच ५ मिलीच्या कुपीत घातली की मरतात. लोक कुपीला दोष देतात, साबण राहिला म्हणतात. खरं कारण पाण्याचा साठा. लिटरभर पाणी तापायला अर्धी दुपार लागते. ५ मिली पाणी थोड्याच वेळात खोलीच्या तापमानाला येतं. खोली ४२ अंशांवर असेल तर कुपीही ४२ वर. त्यात कॉलेज पाच वाजता बंद होतं, कूलर बंद होतो, आणि दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दहापर्यंत खोलीत उष्णता सोडत राहतो. सकाळी साडेदहाला येऊन थर्मामीटर पाहिला तर तो ३१ दाखवतो. रात्री काय झालं त्याची नोंद कुठेच नाही.

त्यासाठी कमाल-किमान नोंदवणारा, तारेच्या टोकाला प्रोब असलेला डिजिटल थर्मामीटर घ्या. प्रोब हवेत लटकवू नका. एका जादा कुपीत ५ मिली खारं पाणी भरा, प्रोब त्यात बुडवा आणि ती कुपी बाकीच्यांच्या मधोमध ठेवा. दुसऱ्या दिवशी कमाल आकडा ३० च्या वर दिसला तर त्या फेरीचा निकाल संशयास्पद, ३५ च्या वर दिसला तर बाद. चाचणी सकाळी लावली काय, संध्याकाळी लावली काय, चोवीस तासांत एक दुपार येणारच. वेळ बदलून सुटका नाही.

एसी नसलेल्या ठिकाणी दोन उपाय चालतात. पहिला, थर्माकोलचा जाड डबा. तळाला ट्रे, ट्रेमध्ये कुप्यांच्या निम्म्या उंचीपर्यंत पाणी, साधारण दोन-तीन लिटर, आणि कोपऱ्यात बर्फ झालेली २०० मिलीची पाण्याची बाटली, फडक्यात गुंडाळून. बाटली थेट कुप्यांना लावू नका, त्या बाजूच्या कुप्या १८-२० वर जातात आणि त्यांचा निकाल वेगळा येतो. बाटली दुपारी १२, ४ आणि रात्री ८ च्या सुमारास बदलावी लागते, म्हणजे वसतिगृहातला किंवा जवळ राहणारा कोणी तरी लागतो. डब्याच्या झाकणाला बोटाएवढी दोन भोकं ठेवा.

दुसरा उपाय फक्त विदर्भासारख्या कोरड्या उन्हाळ्यातच चालतो: बाष्पीभवनाचा. नवतपात (मे अखेरच्या सगळ्यात तापत्या दिवसांत) हवा ४४ अंशांवर असली तरी आर्द्रता १५-२० टक्क्यांवर असते, आणि अशा हवेत ओलं फडकं गुंडाळलेला थर्मामीटर २२ ते २५ च्या आसपास उतरतो. माठातलं पाणी गार होतं ते याच कारणाने. रुंद तोंडाच्या मातीच्या कुंड्यात किंवा गंजात पाणी भरा, बाहेरून ओलं गोणपाट गुंडाळा, त्याचं टोक पाण्यात बुडलेलं राहू द्या, आणि कुप्यांचं स्टँड त्या पाण्यात ठेवा. मातीचं भांडं असेल तर गोणपाटाचीही गरज नाही. पंख्याचा वारा भांड्याच्या बाहेरच्या अंगाला लागू द्या, कुप्यांच्या तोंडावर नको. पहिला पाऊस झाला की हा उपाय निकामी, पण तेव्हा त्याची गरजही उरत नाही.

कुप्यांच्या तोंडावर वारा का नको, तर उघड्या कुपीतलं पाणीही तसंच उडतं. ५ मिलीतलं अर्धा मिली गेलं की ३५ ची क्षारता (हजार भागांत ३५ भाग क्षार) ३९ होते आणि अर्काची मात्राही ११ टक्क्यांनी वाढते. भरताना पाण्याच्या पातळीवर पेनाने बारीक रेघ मारा. चोवीस तासांनी पाणी रेघेखाली दिसलं तर ती कुपी मोजू नका. झाकण सैल ठेवा, किंवा पॅराफिल्म लावून सुईने तीन-चार भोकं पाडा. घट्ट झाकलं तर प्राणवायूची अडचण, विशेषतः वनस्पतीचा कच्चा अर्क असेल तर, कारण त्यातल्या साखरेवर जिवाणू वाढतात आणि उरलासुरला प्राणवायू तेच खातात. पाणी जितकं गरम आणि खारट, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो: ३५ क्षारतेच्या पाण्यात २५ अंशांवर लिटरला सुमारे पावणेसात मिलिग्रॅम, ४० अंशांवर सव्वापाचच्या आसपास.

हिवाळ्यात उलटं. डिसेंबरच्या रात्री खोली १२-१४ अंशांवर येते, सिस्ट फुटायला ४८ तास घेतात आणि पिल्लं एका वेळी न येता टप्प्याटप्प्याने येतात. मत्स्यालयाचा छोटा हीटर लावलेल्या पाण्याच्या टबात बाटली ठेवा, एवढं पुरतं.

लाइन गेली

उबवणीच्या बाटलीत हवेचा पंप लावलेला असतो आणि रात्री दोन तास लाइन जाते. तेवढ्यात सिस्ट तळाला बसतात, थर जमतो आणि थराच्या आतली गुदमरतात. सकाळी पाणी नारिंगी दिसत नाही, तपकिरी दिसतं. पंपाला तीन ते पाच वॉट लागतात, म्हणजे साधा राउटरचा छोटा यूपीएसही काही तास ओढतो. व्होल्ट जुळतात का ते मात्र आधी पाहा. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा किंवा नळीत प्लास्टिकचा एकदिशा व्हॉल्व्ह लावा, नाहीतर लाइन जाताच खारं पाणी नळीतून उलटं पंपात जातं आणि पंप संपतो.

खरं तर या चाचणीपुरता पंप लागतच नाही. तीन मात्रा आणि तीन कंट्रोल, प्रत्येकाच्या तीन कुप्या, कुपीत दहा: एकूण १८० पिल्लं. चांगल्या प्रतीच्या एक ग्रॅम सिस्टमधून दोन लाखांच्या वर पिल्लं निघतात. म्हणजे चिमूटभर, ०.१ ग्रॅम, सुद्धा भरपूर. उथळ प्लास्टिकचा डबा घ्या, पाण्याची खोली दीड-दोन सेंटीमीटर, मधोमध प्लास्टिकची आडवी पट्टी आणि तिला २ मिमीची भोकं. एका बाजूला सिस्ट टाका आणि ती बाजू काळ्या कागदाने झाका. दुसरी बाजू उघडी, तिच्यावर दिवा. पिल्लं फुटली की उजेडाकडे भोकांतून येतात, टरफलं आणि न फुटलेली सिस्ट मागे राहतात. इतक्या उथळ पाण्यात पृष्ठभागातूनच पुरेसा प्राणवायू मिळतो आणि लाइन गेल्याचं त्या डब्याला कळतही नाही.

उजेडाबद्दल एकच: सिस्ट भिजल्यानंतरचे पहिले काही तास त्यांना उजेड लागतो, सुमारे २००० लक्स. तेवढा वेळ झाकण काढून ठेवा आणि काळा कागद नंतर लावा. ९ वॉटचा एलईडी २५-३० सेंटीमीटरवर धरला की काम होतं. जुना पिवळा बल्ब उन्हाळ्यात नको, तो पाणी तापवतो.

बाटली-पंपाची पद्धत वापरायचीच असेल तर लिटरला २ ग्रॅमच्या वर सिस्ट घालू नका आणि एअर स्टोन काढून टाका. त्याच्या बारीक बुडबुड्यांनी फेस होतो, सिस्ट फेसाबरोबर वर चढून काचेला चिकटतात आणि कोरडी पडतात. नळीचं उघडं टोक तळाशी, मोठे बुडबुडे, एवढंच हवं.

पाणी आणि मीठ

पाणी कुठलं, यावर आपल्याकडे फार काही अवलंबून आहे. अकोला, अमरावती, बुलडाण्यातला पूर्णा खोऱ्याचा खारपाणपट्टा घ्या: बोअरचं पाणी मुळातच खारट, सोडियम आणि बायकार्बोनेटने भरलेलं. त्यात मोजून ३५ ग्रॅम मीठ घातलं तरी तयार होणारं पाणी दर बोअरला, दर महिन्याला वेगळं. यवतमाळ-चंद्रपूरच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड जास्त. नळयोजनेच्या पाण्यात ब्लीचिंग पावडरचं क्लोरीन, आणि ज्या दिवशी टाकी धुतली त्या दिवशी ते दामदुप्पट. म्हणून ऊर्ध्वपातित पाणी नसेल तर गावातल्या आरओ प्लांटचा २० लिटरचा कॅन सरळ विकत घ्या आणि संपूर्ण प्रोजेक्ट त्याच प्लांटच्या पाण्यावर करा. कॅन गार असतो, खोलीच्या तापमानाला येऊ द्या. नळाचंच वापरायची वेळ आली तर लिटरला १० मिलिग्रॅम सोडियम थायोसल्फेट घालून ढवळा. पिण्याच्या पाण्यात नेहमी असतं तेवढं क्लोरीन त्याने मरतं.

कोणी ना कोणी लोणारचं पाणी सुचवतंच. ते सोड्याचं पाणी आहे, पीएच १० च्या आसपास, समुद्राच्या पाण्याशी त्याचा संबंध नाही. शिवाय ते अभयारण्य आणि रामसर स्थळ आहे.

मिठाचं. ‘आयोडीनच्या मिठाने मरतात’ हे आपल्याकडे जवळजवळ म्हणीसारखं झालंय. मिठातलं आयोडीन दशलक्ष भागांत काही दशक भाग असतं. लिटरला ३५ ग्रॅम मिठातून पाण्यात उतरतं ते नगण्य. खरी उणीव दुसरी आहे: शुद्ध केलेल्या खाण्याच्या मिठात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि पीएच धरून ठेवणारं बायकार्बोनेट नसतं. त्यावर सिस्ट फुटतात, पण पीएच ७ कडे घसरतं आणि चोवीस तास पिल्लं तगतीलच याची खात्री नाही. मत्स्यालयाचं सागरी मीठ मिळत असेल तर ते वापरा, पिशवीवर लिहिलेल्या प्रमाणात. नसेल तर प्रयोगशाळेतल्या रसायनांतून एक लिटर असं करता येतं: सोडियम क्लोराइड २४ ग्रॅम, मॅग्नेशियम क्लोराइड हेक्साहायड्रेट १०.८, निर्जल सोडियम सल्फेट ४, कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट १.५, पोटॅशियम क्लोराइड ०.७, सोडियम बायकार्बोनेट ०.२ ग्रॅम. कॅल्शियम क्लोराइड वेगळ्या १०० मिली पाण्यात विरघळवून सगळ्यात शेवटी, ढवळत ढवळत घाला. सल्फेट आणि बायकार्बोनेटच्या गाढ द्रावणात ते थेट पडलं तर पांढरा साका बसतो आणि तो परत विरघळत नाही. रात्रभर हवा सोडून दुसऱ्या दिवशी गाळून वापरा.

मॅग्नेशियम क्लोराइडच्या बरणीवर लक्ष ठेवा. ते हवेतलं पाणी शोषतं. पावसाळ्यात बरणीत लगदा झालेला असेल तर १०.८ ग्रॅम वजनात किती मीठ आणि किती पाणी हे सांगता येत नाही.

क्षारता मोजायला पेनासारखा टीडीएस मीटर चालत नाही. तो साधारण ९९९० पीपीएमला थांबतो आणि समुद्राचं पाणी ३५,००० च्या घरात. हाती धरायचा रिफ्रॅक्टोमीटर घ्या, आरओच्या पाण्यावर शून्य लावा, मग मोजा. नाहीतर माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत कंडक्टिव्हिटी मीटर असतोच: २५ अंशांवर ५३ मिलिसीमेन्स प्रति सेंटीमीटर म्हणजे ३५. पीएच ८ ते ८.५ हवा. कमी भरला तर खाण्याचा सोडा, लिटरला अर्धा ग्रॅम, ढवळून पुन्हा मोजा. बेकिंग पावडर नाही, त्यात आम्लही असतं.

सिस्ट फुटतच नाहीत, तर भिंगाखाली बघा

चोवीस तासांनी तळातला थेंब काचपट्टीवर घ्या आणि कमी शक्तीच्या भिंगाखाली पाहा. कोरडं सिस्ट एका बाजूने दबलेल्या चेंडूसारखं, पाव मिलिमीटरच्या आसपास, तपकिरी. भिजल्यावर एक-दोन तासांत ते गोल व्हायला हवं. चोवीस तासांनीही बरीच दबलेलीच असतील तर पाणी फार खारट आहे किंवा ती टरफलं रिकामी आहेत. गोल झाली पण तडकली नाहीत, तर उजेड, पीएच, तापमान तपासा, किंवा माल मेलेला आहे. तडकून, आतला गर्भ पारदर्शक पिशवीत उलट्या छत्रीसारखा टरफलाखाली लोंबकळतोय आणि तिथेच मेलाय, असं बरंच दिसलं तर बहुधा प्राणवायू कमी पडला, नाहीतर सिस्टमधला साठा आधीच खर्च झालेला होता.

हा साठा खर्च होण्याचं कारण म्हणजे ओल. सिस्टमधलं पाणी १० टक्क्यांच्या आत असेल तोवर ती झोपलेली. डबा उघडा राहिला, खोलीत कूलर चालू आहे किंवा जुलै आहे, की ती हवेतली ओल घेतात. आत थोडी घडामोड सुरू होते, साठा जळतो, पण फुटण्याइतकं पाणी मिळत नाही. असं काही आठवडे चाललं की डबा दिसायला तोच, फुटण्याचं प्रमाण निम्म्यावर. नवा डबा आला की त्याच दिवशी १० ग्रॅमच्या पुड्या करा, झिप पिशवीत सिलिका जेलसह घाला, सगळ्या पुड्या घट्ट झाकणाच्या बरणीत आणि बरणी फ्रीजमध्ये. लागेल तेव्हा एकच पुडी काढा आणि खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर हवेतलं पाणी थंड सिस्टवर जमतं.

फुटण्याचं प्रमाण अंदाजाने लिहू नका. नीट ढवळून २५० मायक्रोलिटरचे सहा नमुने घ्या. प्रत्येकात पोहणारी पिल्लं मोजा, लोंबकळणारी मोजा, मग सोडियम हायपोक्लोराइटचे दोन थेंब टाका. टरफल विरघळतं आणि न फुटलेले गर्भ नारिंगी ठिपके म्हणून दिसतात, तेही मोजा. पिल्लं भागिले तिन्हींची बेरीज, गुणिले शंभर. रिकामी टरफलं या हिशेबात आपोआप गळतात. चांगल्या मालाला ८० च्या वर यायला हवं. जाता जाता: हायपोक्लोराइटची बाटली उन्हाळ्यात लवकर निकामी होते. टरफल पाच-दहा मिनिटांत विरघळेना तर बाटली जुनी आहे.

पिल्लांचं वय

नुकतं फुटलेलं पिल्लू, लांबी अर्ध्या मिलिमीटरपेक्षा थोडी कमी, नारिंगी, तोंड बंद, पोटातल्या पिवळ्या बलकावर जगतं. २५-२८ अंशांवर साधारण ८ तासांनी कात टाकून ते दुसऱ्या अवस्थेत जातं. तेव्हा तोंड उघडतं, पाण्यातले बारीक कण आत जाऊ लागतात, आणि त्याबरोबर अर्कही. म्हणून मोठं पिल्लू विषाला जास्त हळवं असतं, आणि त्याच अर्काचा एलसी-५० वेगळा येतो. एका फेरीत सकाळी फुटलेली आणि आदल्या रात्री फुटलेली एकत्र घेतली तर तिन्ही कुप्यांचे आकडे २, ७, ४ असे विखुरतात. उपाय: सिस्ट टाकल्यापासून अमुक तासांची पिल्लं घ्यायची हे ठरवा, २४ किंवा ४८, आणि प्रोजेक्टभर तेच ठेवा. ४८ तासांची घेतली तर ती उपाशी असतात आणि कंट्रोलमध्ये मरतूक सहज वाढते. वेगळं कारण नसेल तर २४ बरी.

डीएमएसओ

द्रावक कंट्रोल मरतो त्याचं कारण बहुतेक वेळा हिशेब. कुपीत डीएमएसओ १ टक्क्याच्या वर नको. ५ मिलीत १ टक्का म्हणजे ५० मायक्रोलिटर. १००० मायक्रोग्रॅम प्रति मिली ही मात्रा हवी तर कुपीत ५ मिलिग्रॅम अर्क जायला हवा. तो ५० मायक्रोलिटरमध्ये बसवायचा म्हणजे मूळ द्रावण १०० मिलिग्रॅम प्रति मिलीचं. लोक २० चं करतात, मग २५० मायक्रोलिटर घालावे लागतात, डीएमएसओ ५ टक्के होतो आणि पिल्लं त्यानेच मरतात.

दुसरी चूक म्हणजे एकाच मूळ द्रावणातून ५०, ५ आणि अर्धा मायक्रोलिटर घालणं. तसं केलं तर डीएमएसओ प्रत्येक कुपीत वेगळा. १०० चं द्रावण डीएमएसओमध्येच दहापट, मग शंभरपट पातळ करा आणि तिन्हींतून ५०-५० मायक्रोलिटर घ्या. १०, १०० आणि १००० या मात्रा १९८२ च्या मेयर, मॅकलॉफ्लिन आणि सहकाऱ्यांच्या पद्धतीपासून चालत आल्या आहेत. १०० ला दोन मेली आणि १००० ला सगळी मेली, असं झालं तर मध्ये ३०० ची एक मात्रा घाला, नाहीतर प्रॉबिटला (मरतुकीच्या टक्क्यांवरून एलसी-५० काढायच्या गणिताला) धरायला काही उरत नाही.

सीताफळाच्या बियांचा अर्क तपासताना खालच्या मात्रा १० च्या कितीतरी खाली न्या. त्यातली ॲसिटोजेनिन नावाची संयुगं पिल्लांना इतकी घातक आहेत की १० वरही शंभर टक्के मरतूक दिसते आणि एलसी-५० काढता येत नाही. त्या कुप्यांचे ड्रॉपर दुसऱ्या अर्काला वापरू नका.

अर्क खाऱ्या पाण्यात पडताच साका होऊन तळाला बसला, तर तिथे तुमची १००० ची मात्रा पाण्यात नाहीच. वहीत ‘साका’ असं लिहा आणि तो आकडा एलसी-५० मध्ये धरू नका. आम्लधर्मी अर्काने पीएच ७ च्या खाली गेला का, तेही सगळ्यात वरच्या मात्रेत एकदा पट्टीने बघा. टॅनिनवाल्या साली, हिरडा, बाभूळ, यांत हे नेहमी होतं.

हवेतून येणारं विष

हे फार कमी ठिकाणी तपासलं जातं. एअर पंप खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो. त्या खोलीत रात्री डासांचं लिक्विड मशीन चालू असेल किंवा कोणी झुरळांचा स्प्रे मारला असेल, तर त्यातली पायरेथ्रॉइड कीटकनाशकं थेट उबवणीच्या पाण्यात जातात. कवचधारी जीवांना ती अतिशय अल्प मात्रेतही मारतात. ऑगस्ट ते ऑक्टोबर कपाशीवर फवारणी चालू असते आणि बऱ्याच कॉलेजांची कुंपणं शेताला लागून आहेत. फवारणीच्या दिवशी त्या बाजूची खिडकी लावून घ्या. नळीच्या जोडाला पितळी व्हॉल्व्ह असेल तर प्लास्टिकचा लावा, खाऱ्या पाण्यात पितळातलं तांबं सुटतं. काचेची भांडी साबणाने धुतली असतील तर नंतर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल आणि मग आरओच्या पाण्याने चार-पाच वेळा.

भरणं आणि मोजणं

ड्रॉपरने दहा पिल्लं उचलताना त्यांच्यासोबत साधारण अर्धा मिली पाणीही जातं. ५ मिली आधीच भरलेल्या कुपीत ते घातलं तर मात्रा नऊ टक्क्यांनी उतरते. आधी ४ मिली खारं पाणी, मग पिल्लं, मग अर्क, मग रेघेपर्यंत पाणी.

चोवीस तासांनी कुपी काळ्या कागदासमोर धरा, बाजूने टॉर्च मारा. तळाला पडलेलं पिल्लू लगेच मेलं म्हणू नका. दहा सेकंद बघा; एखादा पायही हलला नाही तर मेलं. गडद अर्कात दिसतच नसेल तर सगळं पाणी पेट्री डिशमध्ये ओता आणि भिंगाखाली मोजा. मेलेली मोजून झाली की सौम्य आम्लाचा एक थेंब टाकून सगळी मारा आणि एकूण मोजा, कारण ‘दहा’ घातलेली बऱ्याचदा नऊ किंवा अकरा निघतात.

डायक्रोमेटचं पाणी बेसिनमध्ये नको

डायक्रोमेटमधलं षट्‌संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे आणि कॉलेजच्या शोषखड्ड्यातून ते शेजारच्या विहिरीपर्यंत जाऊ शकतं. हातमोजे घालून सगळ्या तिसऱ्या कंट्रोलचं पाणी एका प्लास्टिक कॅनमध्ये साठवा. कॅन भरला की सल्फ्युरिक आम्लाने पीएच २-३ वर आणा आणि हिराकस (फेरस सल्फेट) घालत जा, पिवळेपणा जाईपर्यंत आणि वर थोडं जास्त. मग चुन्याची निवळी घालून पीएच ८-९ वर न्या. खाली बसलेला साका गाळून वाळवा आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची मान्यता असलेल्या घातक कचऱ्याच्या वाहतूकदाराकडे द्या. तोवर डब्यावर ‘क्रोमियम’ आणि तारीख ठळक लिहून तो कुलपात ठेवा.